ताम्हणातले तांबडे दगड

माझ्या नवऱ्याला दगड चाटताना मी पहिल्यांदा पाहिलं ते करजणच्या पुढे, नर्मदेच्या काठावर. भर दुपार, वाळू तापलेली, मी गाडीच्या सावलीत थेपल्यांचा डबा उघडून बसलेली. आणि हा साठीचा माणूस, निवृत्त अधिकारी, पाण्याच्या कडेला उकिडवा बसून एकेक दगड उचलायचा, पँटीला पुसायचा आणि जीभ काढून चाटायचा. चार हातांवर म्हशी डुंबत होत्या. "ओला केल्याशिवाय खरा रंग कळत नाही," म्हणाला. मी म्हटलं, "समोर अख्खी नदी आहे, तिच्यात बुडव." तर म्हणे, जिभेची सवय लागलीय. मग त्याच हाताने त्याने थेपला उचलला. मी डबा बंद केला आणि त्या दिवशी उपाशी घरी आले.

आम्ही दोघं कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे आहे. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही. मला त्यांच्या बऱ्याच गोष्टी आवडल्या नाहीत, पण त्याबद्दल पुढे.

निवृत्तीनंतर माणसं काय काय करतात. कोणी सकाळी बागेत जाऊन टाळ्या वाजवत हसतं, कोणी सोसायटीचं चेअरमनपद ओढवून घेतं. याने मशीन आणलं. मशीन म्हणजे एक रबरी डबा. त्यात दगड, पाणी आणि काळी कुरकुरीत पूड घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि मोटरच्या दांड्यांवर आडवा ठेवून द्यायचा. मग तो फिरत राहतो, आठवडाभर, अखंड. मग उघडायचा, दगड धुवायचे, आणखी बारीक पूड घालायची, पुन्हा आठवडा. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की महिन्याभराने ओंजळभर दगड चकचकीत होऊन बाहेर पडतात. त्यांचं पुढे काय करायचं, या प्रश्नाला त्याच्याकडे आजतागायत उत्तर नाही.

तरसालीतला आमचा फ्लॅट तसा हवेशीर आहे, पण गॅलरी त्या मशीनने बळकावली. खालच्या मजल्यावरच्या बेनने एकदा जिन्यात मला अडवलं. "भाभी, तमारी घरघंटी आखो दिवस केम चाले छे? आटलो बधो लोट कोण खाय छे?" इथे घरोघरी दळणाची छोटी घंटी असते, तिला वाटलं आम्ही पिठाचा धंदा काढला. मी म्हटलं, "लोट नथी बेन, पथरा दळे छे." ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

आवाज एक वेळ सोसला असता. पण तो गाळ! दगडाची झिजलेली माती, पूड आणि पाणी मिळून जो राखाडी, गुळगुळीत, बोटांना चिकटणारा प्रकार तयार होतो, त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही. एकदा आम्ही लग्नाला चार दिवस बाहेरगावी गेलो. जाताना याने मशीन बंद केलं, पण डबा धुतला नाही. परत आल्यावर झाकण काढलं तर आतून फुस्स आवाज झाला आणि कुजक्या अंड्यांचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. मी नाकाला पदर लावला. हा मात्र डब्यात कोपरापर्यंत हात घालून दगड चाचपत होता. तो गाळ त्याने मोरीत ओतला. मोरी तुंबली. प्लंबरने फरशी फोडून पाइपमधून पाइपच्याच आकाराचा एक घट्ट लगदा काढला, वाळून सिमेंट झालेला. तोही नवऱ्याने ठेवून घेतला.

त्याची नखं तेव्हापासून राखाडी आहेत. जेवायला बसला की मी त्याच्या हातांकडे बघत नाही. भांड्यांवर मी पाळत ठेवायचे, तरी होळीच्या आदल्या दिवशी पुरणयंत्र काढलं तर त्याच्या जाळीच्या भोकाभोकांत तोच राखाडी थर. "दगड गाळायला जाळी बरोबर त्याच मापाची आहे," हे त्याचं स्पष्टीकरण. त्या होळीला आमच्याकडे पुरणपोळी झाली नाही. मी बाजारातून श्रीखंड आणलं आणि ते यंत्र भंगारवाल्याला देऊन टाकलं.

आता सासूबाई. वय पंच्याऐंशीच्या आसपास, डोळे आणि कान शाबूत, गुडघे गेलेले. किळस या विषयात त्यांचा हात धरणारं या बडोद्यात कुणी नसेल. सोवळं-ओवळं, उष्टं-खरकटं, शिवाशिव, सगळं त्यांनी माझ्यावर तीस वर्षं चालवलं. भाजीची चव घेताना मी चमचा ओठांना लावला तर ती भाजी त्या जेवत नसत. बोलत नसत, नुसतं ताट सरकवत. मी या घरात रांधलं, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं काढलं, पण देवघरातल्या पंचायतनाला हात लावायची मला परवानगी नव्हती. फुलं आणायची मी, खंडेराव मार्केटातून निवडून जास्वंद आणि दूर्वा. वाहायची त्यांनी.

हे पंचायतन म्हणजे पाच दगड. घराण्यातला पहिला माणूस संस्थानात कारकुनीला आला, तेव्हा म्हणे एका गाठोड्यात कपडे आणि एका पुरचुंडीत देव, एवढंच घेऊन आला. काळा शाळिग्राम म्हणजे विष्णू, नर्मदेतला लांबट बाण म्हणजे शंकर, स्फटिक सूर्य, सोनेरी कणांचा दगड देवी, आणि तांबडा शोणभद्र गणपती. नाक-डोळे कुणालाच नाहीत. गणपती आवळ्याएवढा होता, एका बाजूने चपटा म्हणून घट्ट बसायचा, आणि डोक्यावर बोटाचं टोक मावेल असा खळगा. पिढ्यान्‌पिढ्यांचं गंध त्या खळग्यात साचून त्याचं काळं कीट झालं होतं.

गेल्या दिवाळीत सासूबाईंनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "आता मला पाटावर बसवत नाही. गुढीपाडव्याला देव तुझ्या हातात देते. माझ्या सासूने मला दिले तसे." मी "बरं" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसत राहिले. मला देवाधर्माचं फारसं वेड नाही. पण ते पाच दगड हातात येणं म्हणजे तीस वर्षांनी का होईना, या घराने मला स्वच्छ मानणं. ते मला हवं होतं. फार हवं होतं.

थंडीत सासूबाई महिना-दीड महिना इंदूरला लेकीकडे गेल्या. पूजा नवऱ्याकडे आली. तो आंघोळ करून देवघरात जायचा, घंटा वाजवायचा, बाहेर यायचा. मी आत डोकावले नाही, कारण अजून देव माझे नव्हते.

संक्रांतीच्या आत सासूबाई परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरातून हाक आली, "अगं, गणपती कुठाय? इथे सुपारी कुणी ठेवली?"

नवरा जणू या हाकेचीच वाट बघत होता. "आई, डोळे मीट आणि हात पुढे कर," म्हणाला आणि त्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. त्यांनी डोळे उघडले. तांबडा, गोल, ओला असल्यासारखा चमकणारा दगड. मला लगेच कळलं.

"गोळी आहे का रे ही?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, गणपती! आपला गणपती! बघ ने, काय रंग निघालाय. इतकी वर्षं हा रंग कुणी पाहिलाच नव्हता. तो खळगा जाता जात नव्हता, जाड्या पुडीच्या दोन फेऱ्या जास्त दिल्या. आणि पूजेत खंड पडू दिला नाही हं, त्याच्या जागी सुपारी मांडली होती."

म्हणजे शास्त्र सगळं सांभाळलं होतं. आमच्याकडे मूर्ती नसली की सुपारीचा गणपती मांडतात, तसा त्याने मांडला, तिला रोज गंध-फूल केलं, आणि तिकडे खरा गणपती महिनाभर गाळात गडगडत ठेवला. असला मूर्खपणा देवधर्म ठाऊक असलेल्या माणसालाच सुचू शकतो. अडाण्याने निदान देव उचलताना दहादा विचार केला असता.

सासूबाईंनी अंगठा दगडाच्या डोक्यावरून फिरवला. काहीच लागलं नाही. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तू हा तोंडाला लावलास?"

गॅलरीत बसून दगड चाटताना त्यांनी त्याला पाहिलं होतं. तेव्हापासून त्याच्या हातचं पाणीसुद्धा त्या घेत नव्हत्या. नवरा माझ्याशी सतरा गोष्टींत खोटं बोलतो, आईशी त्याला जमत नाही. "रंग बघायला... एकदाच," तो म्हणाला.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "छान झालाय."

त्यांनी तो देवाऱ्यात पुढे ठेवला. तो बसेना. चपटी बाजूच गेलेली, त्यामुळे घरंगळत कोपऱ्यात गेला. पुन्हा ठेवला, पुन्हा घरंगळला. शेवटी नवऱ्याने खाली अक्षता पसरून त्याला टेकवलं आणि फोटो काढून नातेवाइकांना पाठवला. सुपारी मात्र सासूबाईंनी काढली नाही. आंघोळ तिला, गंध तिला, दूर्वा तिलाच. चकचकीत गणपती शेजारी नुसता बसून होता.

मला इतका संताप आला होता की जेवण जाईना. उष्टा गणपती! ज्या बाईने माझ्या चमच्याचा तीस वर्षं विटाळ मानला, तिच्या देवाला हा माणूस जीभ लावतो, आणि ती "छान झालाय" म्हणते. दुपारी मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "महिनाभर त्याने आईसाठी काहीतरी केलं. काय केलं ते त्याला कळत नाही. तू सांगू नकोस." मग थोड्या वेळाने, "मला तो हातात घेववत नाही गं. शिसारी येते." त्यांच्या तोंडून किळसेची कबुली मी प्रथमच ऐकली. इतकी वर्षं आम्ही दोघी एका घरात वेगवेगळ्या गोष्टींना नाकं मुरडत होतो, त्या दिवशी एकाच गोष्टीला मुरडलं.

पण नवऱ्याला कळायचं ते कळलंच. "आई, आता सुपारी काढ ने," तो रोज म्हणायचा आणि त्या रोज म्हणायच्या, "असू दे." त्याने गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सांगितलं, दगड स्वयंभू आहे, भंगलेला नाही, पंचगव्याने शुद्ध करा आणि अभिषेक करा. तो विजयी मुद्रेने आईकडे आला. सासूबाई म्हणाल्या, "गुरुजींना काय काय सांगितलंस? गाळ सांगितलास? जीभ सांगितलीस?"

"शबरीची बोरं नाही का चालली?"

"ती शबरी होती. तुझं काय?"

मी आतल्या खोलीत तोंडावर हात धरून हसले. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच एक हसू.

सुपारीचंही काही बरं चाललं नव्हतं. रोज आंघोळ घातली की सुपारी फुगते. आठवड्याभरात तिच्यावर पांढरी बुरशी धरायची, फुलं उचलली की खाली चिकट डाग. सासूबाई ती झाडाच्या कुंडीत ठेवून दुसरी मांडायच्या. रथसप्तमीच्या सुमारास एका सकाळी नवरा नमस्काराला वाकला आणि त्याच्या नाकाशी ती बुरशी आली. तो ताडकन उभा राहिला. "माझ्या हातचा नको, आणि ही सडकी सुपारी चालते?" त्याने चकचकीत गणपती उचलला, हॉलमध्ये गेला आणि काचेच्या मोठ्या बाउलमध्ये टाकला. त्या बाउलमध्ये त्याचे सगळे तयार दगड असतात, आल्यागेल्याने हात घालावा, वा वा म्हणावं म्हणून. खळ्ळ आवाज झाला. सासूबाई गंध उगाळत होत्या, त्या उगाळतच राहिल्या. माझ्या मनात आलं, दोघंही धन्य आहेत. एकाला बुरशीची किळस येते आणि गाळाची येत नाही, दुसरीला जिभेची येते आणि बुरशीची येत नाही. मला मात्र सगळ्याची येत होती आणि पुसत सगळं मीच होते.

त्यानंतर त्याने रागाच्या भरात तांबड्या दगडांचा सपाटाच लावला. करजणकडून पिशवीभर तांबडे आणले, आधीचे साठवलेले तांबडे काढले, आणि तयार होतील तसे बाउलमध्ये ओतत गेला. मी लक्ष दिलं नाही. सासूबाई देवाचा विषयही काढत नव्हत्या. मला वाटलं, पाडव्याला मला चार दगड आणि एक सुपारी मिळणार. माझ्या नशिबात देवसुद्धा पूर्ण नाहीत, असं मी स्वतःशीच म्हणत होते.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली. सासूबाईंनी मला नऊवारी नसली तरी रेशमी साडी नेसायला लावली आणि देवाऱ्यापुढे पाट मांडायला सांगितला. ताम्हणात चौघं देव ठेवले. सुपारी उचलून बाजूला ठेवली. मग मुलाला म्हणाल्या, "गणपती आण."

तो चमकला. "तो तुला चालत नाही ना?"

"मला नाही चालत. पण सुनेला देव देताना सुपारी देत नाहीत. माझ्या सासूने माझ्या हातावर पहिला तोच ठेवला होता. उष्टा झाला म्हणून परका झाला नाही. आण."

त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला. तो जवळजवळ धावतच हॉलमध्ये गेला. मी आणि सासूबाई बसून राहिलो. आधी एकेक दगड उचलल्याचा आवाज आला, मग सगळे वर्तमानपत्रावर ओतल्याचा. मी उठून गेले.

तो फरशीवर मांडी घालून बसला होता. समोर तांबडे दगड वेगळे काढलेले, चांगले ओंजळभर. सगळे गोल, सगळे गुळगुळीत, सगळे सारखेच लाल. तो एकेक खिडकीशी धरत होता, पाण्यात बुडवत होता, भिंगातून बघत होता. कुठला दगड कुठल्या वळणावर सापडला हे छातीठोकपणे सांगणारा माणूस. त्याने एक दगड तोंडाशी नेला. "खबरदार," मी म्हटलं. त्याने हात खाली घेतला.

"खळगा असता तर..." तो म्हणाला.

मी त्याला काय काय बोलणार होते! वर्षभराचा गाळ, मोरी, पुरणयंत्र, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण त्याची मान इतकी खाली गेली होती की मी त्याच्यासमोर बसले आणि एकेक दगड उलटून पाहू लागले. मलाही ओळखता येत नव्हता. मी तर त्याला कधी हातच लावला नव्हता.

मागे सरपटत्या पावलांचा आवाज झाला. सासूबाई चौघा देवांना देवाऱ्यात परत ठेवून भिंतीला धरून धरून आल्या होत्या, काखेत रिकामं ताम्हण. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "एकेक दे." मी एकेक देत गेले. प्रत्येकाच्या डोक्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा फिरवला, कधी दोनदा. ज्या दगडांना शिवायची शिसारी होती, तेच त्या तळहातावर घेऊन बघत होत्या, आणि तोंड वाकडं झालेलं मला दिसत होतं. एकाशीही त्या थांबल्या नाहीत. बघून झालेला प्रत्येक दगड ताम्हणात टाकत गेल्या. शेवटचा टाकल्यावर त्यांनी हात पदराला पुसले.

"हात पुढे कर," त्या मला म्हणाल्या.

मी केले. त्यांनी ताम्हण माझ्या हातांवर ठेवलं. इतक्या दगडांचं ते चांगलंच जड झालं होतं.

"यातला एक आहे," सासूबाई म्हणाल्या. "कुठला, ते मला विचारू नकोस. सगळ्यांना आंघोळ घाल."

तेव्हापासून पूजा माझ्याकडे आहे. देवाऱ्यात शाळिग्राम, बाण, स्फटिक, देवी आणि वाटीभर तांबडे दगड. बसत तर एकही नाही, सगळे वाटीत एकमेकांवर रेलून असतात. त्यांतला प्रत्येक माझ्या नवऱ्याच्या जिभेवरून गेलेला आहे हे मला माहीत आहे, म्हशींच्या पाण्यातून आणि त्या राखाडी गाळातून गेलेला आहे. रोज सकाळी पहिल्याला हात लावताना माझ्या अंगावर काटा येतो. काहींना नुसतं विसळून ठेवून द्यावं असं रोज मनात येतं. मग वाटतं, नेमका तोच असला तर, आणि मी सगळे एकेक करून पुसते.